मॉर्गन डॉलरची ग्रेड: आकडा शेवटी, खूण आधी

मंडळी, मॉर्गन डॉलर हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला, "याची ग्रेड किती?" उत्तर आकड्यातच हवं असतं. माझा आग्रह आहे की आकड्यावर शेवटी या. नाण्यावर जी खूण दिसेल ती कुठे झाली ते आधी शोधा: टांकसाळीत, पिशवीत की माणसाच्या हातात? ते नक्की झालं की ग्रेडचं निम्मं काम झालं.

थोडी ओळख करून देतो. जॉर्ज मॉर्गन यांनी घडवलेला हा अमेरिकन डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडला गेला. वजन २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के. पुढच्या बाजूला लिबर्टीचा चेहरा, मागे पंख पसरलेला गरुड. ग्रेडची, म्हणजे नाणं किती चांगल्या स्थितीत आहे हे सांगणारी, १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, तीही जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. पुढे ती बाकीच्या नाण्यांना लागू झाली. ६० च्या खालचं नाणं वापरलेलं, ६० पासून वरचं व्यवहारात न आलेलं.

आता झीज. ती उंचवट्यांवर आधी दिसते: कानावरचे केस, गाल, गरुडाची छाती, पंखांचा वरचा भाग. म्हणून नवखा संग्राहक कानावरचे केस सपाट दिसले की लगेच "वापरलेलं" म्हणून मोकळा होतो. आणि इथेच न्यू ऑर्लिन्सची नाणी त्याला चकवतात. या टांकसाळीच्या कित्येक डॉलरांवर ठसा पुरेशा जोराने उमटलेलाच नाही. केस सपाट, गरुडाच्या छातीवर पिसं नाहीत, आणि तरी ते नाणं एकदाही कुणाच्या खिशात गेलेलं नसतं! ओळखायचं कसं? तो सपाट भाग भिंगाखाली घ्या. झिजलेली चांदी गुळगुळीत आणि करडी, मंद दिसते. कच्चा ठसा असेल तर तिथे मूळ चकतीचा खडबडीतपणा राहिलेला असतो आणि चमकही मोडलेली नसते. याउलट १८७९ ते १८८२ मधली सॅन फ्रान्सिस्कोची नाणी पाहा, केसांची बट न् बट मोजून घ्यावी इतका ठसा स्वच्छ. ती एकदा नीट पाहिलीत की मॉर्गन डॉलर मुळात कसा दिसायला हवा हे डोळ्यांत बसतं.

पिशवीच्या खुणा कळायला थोडा इतिहास लागतो. १८७८ च्या कायद्याने अमेरिकी सरकारला दरमहा चांदी विकत घेऊन डॉलर पाडणं भाग पडलं. एवढी जड नाणी लोकांना बाळगायची नव्हती. मग ती हजाराच्या पिशव्यांत भरून तिजोरीत पडून राहिली. एका पिशवीत जवळजवळ सत्तावीस किलो वजन. ती उचलली, आपटली, ओढली की आत नाणी एकमेकांवर घासणारच. पुढे १९१८ च्या पिटमन कायद्याखाली यातली २७ कोटींहून जास्त नाणी वितळवली गेली. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने हिंदुस्थानसाठी घेतली, कारण महायुद्धाच्या धास्तीने इथले लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागत होते. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत तिचे रुपये झाले. आपल्या आजी-आजोबांच्या गाठोड्यातल्या एखाद्या पंचम जॉर्जच्या रुपयात मॉर्गन डॉलर मुरलेला असू शकतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

जी नाणी वाचली त्यांच्या गालावर त्या पिशव्यांची नोंद आहे. गाल मोकळा आणि उंच, त्यामुळे प्रत्येक ओरखडा तिथे उठून दिसतो. दुसऱ्या नाण्याची दातेरी कड लागली असेल तर बारीक टोच्यांची सरळ रांगच दिसते. ही झीज नव्हे. अशा खुणा असूनही नाणं ६० च्या वरच राहतं. ते ६१ की ६५ हे मात्र बरंचसं गाल ठरवतो. तीच खूण केसांत लपली असती तर तिची कुणी फारशी दखल घेतली नसती.

५८ आणि ६० मधलं अंतर काय असतं ते १८८४ च्या सॅन फ्रान्सिस्को डॉलरवरून समजतं. वापरलेला सहज मिळतो, न वापरलेला अतिशय दुर्मीळ. गालावर किंचित मंदपणा आहे की नाही, यावर किंमत कितीतरी पटींनी बदलते. तेव्हा या नाण्यासाठी "जवळजवळ नवं" या विक्रेत्याच्या शब्दावर पैसे मोजू नका.

चमक तपासायला ट्यूबलाइट कामाची नाही. एकच दिवा घ्या, नाणं कडेला धरा आणि सावकाश फिरवा. ठसा बसताना दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उरतात. त्यांच्यामुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावर फिरतात. उंचवट्यावर येऊन ते तुटले तर तिथे झीज आहे. नाणं चकचकीत आहे पण पट्टे फिरतच नाहीत, तर बहुधा कुणीतरी ते साफ केलेलं आहे.

या साफसफाईबद्दल मी कळकळीने सांगतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदीची नाणी राखेने, रांगोळीने, हल्ली टूथपेस्टने घासतात. देवघरातल्या नाण्याचं ठीक आहे, संग्रहातल्या नाण्याचा मात्र त्यात जीव जातो. ती सूक्ष्म पृष्ठरेषा एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही. ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्याला सहसा आकडाच देत नाहीत, "क्लीन्ड" असा शेरा मारून नाण्यावरचा तपशील किती उरला आहे तेवढंच लिहितात. काळपट थर हा दोष नाही. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, आणि सावकाश आलेला तो रंग कित्येकांना हवाच असतो.

एका ठिकाणी जरा थांबा. सगळ्या बारीक रेषा घासल्याच्या नसतात. टांकसाळीत नाणं पाडायच्या साच्यालाच पॉलिश केलेलं असेल तर त्याच्या रेषा नाण्यावर उठावदार येतात, आणि अक्षर किंवा चेहरा आला की तिथे थांबतात. कापडाने घासलेल्या रेषा खोदलेल्या असतात आणि सपाटीवरून निघून थेट गालावर चढतात. पाच पटींचं भिंग याला पुरतं.

टेबलावर दिवा लावला आहे. न्यू ऑर्लिन्सचा १८८४ चा आणि सॅन फ्रान्सिस्कोचा १८८१ चा असे दोन डॉलर ठेवलेत. कडेला धरून पाहा, आणि आकडा न सांगता कानावरचे केस सपाट का दिसतात तेवढं मला सांगा.