पाच वर्षांच्या मुलाचं बीपी

पाच वर्षांचा मुलगा. तपासणीच्या टेबलावर बसलाय. यंत्रावर आकडा उमटतो: 116/76.

हाच आकडा त्याच्या बाबांचा असता, तर सगळे निर्धास्त झाले असते. त्याच्यासाठी मात्र तो जास्त आहे.

पण आधी त्याच्याकडे नीट बघा. पाय लोंबकळताहेत, पाठीला टेकू नाही, इंजेक्शनच्या धास्तीनं नजर दाराकडे. असं मोजलेलं बीपी धरायचं नाही. त्याला खुर्चीत टेकून बसवा, पायांखाली पाट द्या, तीन ते पाच मिनिटं शांत बसू द्या.

आता पट्टा. सगळ्यात वाईट चूक इथेच होते. पट्ट्यातल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान 40 टक्के हवी आणि लांबी 80 ते 100 टक्के. पट्टा लहान पडला, तर बीपी वाढलेलं नसतानाही वाढलेलं दिसतं; गुटगुटीत मुलांत हे सहज होतं. मोठ्यांचा पट्टा बारीक दंडाला गुंडाळला, तर खरोखर वाढलेलं बीपी लपून राहतं. मुलं तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात लहान-मोठ्या मापांचे पट्टे असलेच पाहिजेत.

आणि हात उजवा. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जन्मतःच अरुंद असेल, तर डाव्या हाताचा आकडा फसवा, कमी येऊ शकतो.

मुलांत 'जास्त' म्हणजे किती? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2017 साली नवे तक्ते दिले. त्यात वय, मुलगा की मुलगी आणि उंची, तिन्ही बघतात. त्याच वयाच्या, त्याच उंचीच्या शंभर मुलग्यांना बीपीच्या चढत्या क्रमानं उभं केलं, तर नव्वदाव्यापासून पुढे लक्ष ठेवायचं. पंचाण्णवाव्यापासून पुढे उच्च रक्तदाब. तेरा वर्षं पूर्ण झाली की तक्ता लागत नाही: 130/80 ही रेघ.

तरीही एका दिवसाच्या आकड्यावर मुलाला रुग्ण ठरवू नये. यंत्रावर जास्त आलं, तर स्टेथोस्कोप लावून पुन्हा मोजायचं. तीन वेगवेगळ्या भेटींत जास्तच भरलं, तरच निदान. दवाखान्याच्या भीतीनं वाढतंय अशी शंका असेल, तर चोवीस तास दंडावर राहणारं यंत्र लावतात.

इतक्या लहान वयात कारण बहुधा मूत्रपिंडात सापडतं. म्हणून लघवीची आणि रक्ताची तपासणी, शिवाय मूत्रपिंडांची सोनोग्राफी. त्याआधी डॉक्टर मुलाच्या जांघेत दोन बोटं ठेवून नाडी बघतात. तिथे ठोका क्षीण लागला, तर मांडीलाही पट्टा बांधायचा. एरवी पायातलं बीपी हातापेक्षा थोडं जास्तच असतं. इथे ते कमी आलं, तर महाधमनी अरुंद असल्याची शंका; मग पुढची तपासणी हृदयाची.