सहा विजय, साठ पझेशन

[दृश्य: शार्लट, 16 मार्च 2018. स्कोअरबोर्ड: यूएमबीसी (मेरीलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) 74, व्हर्जिनिया 54.]

अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्या मोसमाचं अव्वल मानांकन होतं व्हर्जिनिया विद्यापीठाकडे. संघ पहिल्याच सामन्यात बाद झाला, तोही आपल्या विभागातल्या सोळाव्या, म्हणजे शेवटच्या मानांकनाच्या संघाकडून. पुरुषांच्या एनसीएए, म्हणजे राष्ट्रीय कॉलेज, स्पर्धेत असं आधी कधीच घडलं नव्हतं. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया राष्ट्रीय विजेता ठरला.

बहुतेक जण याकडे पराभवाची भरपाई म्हणून पाहतात. आकडे मात्र वेगळं सांगतात.

स्पर्धेत 68 संघ. आठ संघांच्या प्राथमिक लढती डेटनमध्ये होतात आणि 64 उरतात. चार विभाग, प्रत्येकात 1 ते 16 मानांकनं. एक हार म्हणजे घरचा रस्ता. व्हर्जिनियासारख्या संघाला सलग सहा विजय हवेत, तीन आठवड्यांत, दर आठवड्याला दोन सामने आणि मध्ये एकच दिवस.

आता गुणाकार. समजा, एखादा उत्तम संघ पहिली फेरी जिंकण्याची शक्यता 99 टक्के आहे. पुढे 90, 80, 75, 65, आणि अंतिम सामन्यात 60. प्रत्येक सामन्यात पारडं त्याचंच जड. तरी सगळे आकडे गुणले की हाती येतात जेमतेम 21 टक्के. प्रत्येक सामना 90 टक्के खात्रीचा असला, तरी विजेतेपदाची शक्यता 53 टक्क्यांवर थांबते. म्हणून ‘हाच जिंकणार’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या तज्ज्ञाचं फार मनावर घेऊ नये.

[दृश्य: सराव. एक बचावपटू चेंडूवर, चार जण आत.]

तेव्हाच्या व्हर्जिनियाचा बचाव म्हणजे पॅक लाइन. त्या वेळचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांचे वडील डिक बेनेट यांनी ही पद्धत घडवली. बास्केटपासून सुमारे 16 फुटांवर एक काल्पनिक रेषा धरायची. चेंडू ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर एक जण दबाव ठेवतो. बाकीचे चौघे त्या रेषेच्या आत. ड्रिबल करत, म्हणजे चेंडू आपटत, कोणी घुसला की समोर भिंत.

या भिंतीची किंमत थ्री-पॉइंटरमध्ये, म्हणजे लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या शॉटमध्ये, मोजावी लागते. चेंडू एका बाजूकडून थेट दुसऱ्या बाजूला गेला, की आतल्या बचावपटूला धावत बाहेर यावं लागतं. अर्धं पाऊल उशीर, आणि समोरच्याला मोकळा शॉट. यूएमबीसीने त्या रात्री 24 पैकी 12 थ्री-पॉइंटर टाकले. व्हर्जिनियाने 22 पैकी 4. मध्यंतराला 21–21 बरोबरी होती. मोसमभर पूर्ण सामन्यात सरासरी 54च्या आसपास गुण देणाऱ्या या संघाने दुसऱ्या वीस मिनिटांतच 53 दिले. हुकमी खेळाडू डिआंड्रे हंटर मनगट मोडल्याने बाहेर होता, हेही खरं.

आता पझेशन, म्हणजे चेंडू हाती आल्यापासून गमावेपर्यंतचं एक आक्रमण. मोजायचं असं: घेतलेले सगळे शॉट (गेलेले आणि चुकलेले), वजा आपले आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत मिळवणं), अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेला चेंडू), अधिक फ्री थ्रोंची (फाउलनंतर बिनअडथळा मिळणाऱ्या शॉटची) 0.475 पट. फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, काही वेळा बास्केटवर एक जादा मिळतो, म्हणून निम्म्याहून थोडं कमी.

2019 मध्ये डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीच्या, 353 संघांत व्हर्जिनिया सर्वांत संथ होता. इतर संघ सामन्याला सत्तरच्या आसपास पझेशन खेळत, हा साठच्या आसपास. सरस संघ दर पझेशनला किंचितच वरचढ असतो. ती आघाडी साचायला आक्रमणं लागतात, आणि व्हर्जिनिया ती स्वतःच कमी करत होता. फरक थोडाच, पण दोन गुणांच्या सामन्यात नेमका तोच नडतो. शिवाय पिछाडीवर पडल्यावर वेग वाढवायची सवय नाही.

मग 2019 मध्ये बदललं काय? हंटर परतला. आक्रमण आता बचावाच्या तोडीचं होतं. उंच खेळाडूंच्या स्क्रीनमागून, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या साथीदाराआडून, गार्डनी (चेंडू खेळवणाऱ्या बाहेरच्या खेळाडूंनी) पळत सुटायचं, हा जुना साचा होताच. त्याला सलग बॉल स्क्रीनची, म्हणजे चेंडू ज्याच्याकडे त्याच्यासाठीच्या स्क्रीनची, जोड मिळाली. गार्ड टाय जेरोमला चेंडू हातात ठेवून निर्णय घ्यायला जागा मिळाली. माझ्या मते खरी सुधारणा ही. ती टक्के वाढवते, हमी देत नाही.

[दृश्य: 2019चे सामने, झपाट्याने.]

पहिल्याच सामन्यात सोळाव्या मानांकनाच्या गार्डनर-वेबने 14 गुणांची आघाडी घेतली. शेवट 71–56, सुटका. ओक्लाहोमा, ओरेगन मागे पडले. मग पर्ड्यू. त्यांच्या कार्सन एडवर्ड्सचे 42 गुण, दहा थ्री-पॉइंटर. पॅक लाइनचं तेच भोक. सहा सेकंदांहून कमी वेळ उरला असताना जेरोमचा फ्री थ्रो चुकला. साथीदार मामादी डियाकितेने उडवलेला चेंडू मध्यरेषेपलीकडे गेला, किहेई क्लार्कने तो गाठून लांब पास दिला, आणि वेळ संपता संपता डियाकितेने 70–70 केलं. अतिरिक्त वेळेत 80–75.

उपांत्य सामना ऑबर्नशी. व्हर्जिनिया दोन गुणांनी मागे, 0.6 सेकंद बाकी, आणि थ्री-पॉइंटर टाकताना फाउल झालेला त्यांचा काइल गाय तीन फ्री थ्रोंसाठी उभा. शंभरात 83 टाकणाऱ्या खेळाडूने सलग तीन टाकण्याची शक्यता 57 टक्के. गायने तिन्ही टाकले, 63–62. त्याआधी काही सेकंद जेरोमचा डबल ड्रिबल (ड्रिबल थांबवून पुन्हा सुरू करण्याची चूक) रेफ्रींच्या नजरेतून सुटला होता. अंतिम सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध सुमारे 13 सेकंद उरले असताना हंटरने 68–68 केलं. अतिरिक्त वेळेत 17–9, एकूण 85–77.

तीन सामन्यांत तीनदा पराभव एका शॉटवर आला होता.

2021 मध्ये तेराव्या मानांकनाच्या ओहायोने व्हर्जिनियाला पहिल्या फेरीत 62–58 हरवलं. 2023 मध्ये पुन्हा तेरावं मानांकन, फर्मन. व्हर्जिनियाकडे दोन गुणांची आघाडी, काही सेकंद बाकी, आणि दोघांनी कोंडलेल्या क्लार्कने चेंडू लांब भिरकावला. फर्मनने तो अडवला आणि थ्री-पॉइंटर टाकला. 68–67.