फुलातली सावत्र आई

नमस्कार, श्रोते हो! थंडीच्या दिवसांत रोपवाटिकेत गेलात तर छोट्या कुंडीतून टुकुटुकु बघणारं, चेहऱ्यासारखं एक फूल दिसतं. पॅन्सी. हे इंग्रजी नाव फ्रेंचमधून आलं, तिथे त्याचा अर्थ 'विचार'. जर्मन लोक मात्र याच फुलाला म्हणतात श्टीफम्युटरशेन. श्टीफ म्हणजे सावत्र, मुटर म्हणजे आई, आणि 'शेन' हे घराचं घरकुल करणारं लाडाचं शेपूट. एवढुशी सावत्र आई! हे शेपूट लागलं की जर्मनमध्ये आईसुद्धा नपुंसकलिंगी होते आणि तिच्या आधी 'डास' येतं. चावणारा नव्हे हो, ते व्याकरणातलं उपपद आहे.

आता फूल हातात घ्या. खालची पाकळी सगळ्यांत रुंद, रंगानं भडक. ती सावत्र आई. तिच्या दोन्ही बाजूंच्या नटव्या पाकळ्या म्हणजे तिच्या पोटच्या लेकी. वरच्या दोन साध्या, त्या सावत्र मुली. फूल उलटं करा. मागे पाच हिरवी निदलं दिसतील, त्या झाल्या खुर्च्या. आईसाहेब दोन खुर्च्या अडवून बसल्यात, लेकींना एकेक, आणि उरलेल्या एकीत त्या दोघी! काही जण गोष्ट पुढे नेतात: आधी आई वर होती, देवानं फूलच फिरवलं, तिला पाठीवर कुबड दिलं आणि लेकींना दाढी. कुबड म्हणजे खालच्या पाकळीची मागची नळी. बाजूच्या पाकळ्यांवर बारीक लवही खरंच असते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली रानटी पॅन्सीला व्हायोला ट्रायकलर, म्हणजे तिरंगी, असं नाव दिलं. चोख नाव, पण त्यात भांडण नाही.

मला खरी गंमत वाटते ती 'श्टीफ'ची. आपलं 'सावत्र' सवतीच्या घरातलं. सपत्नीवरून सवत, आणि त्याच गोतावळ्यातला आपला सापत्नभाव. म्हणजे आपण दोन बायकांचं नातं पाहिलं. जुन्या जर्मनमध्ये 'श्टीफ'च्या जवळचं एक क्रियापद होतं, त्याचा अर्थ मुलांचे आईबाप हिरावून घेणं. इंग्रजीतल्या स्टेपमदरमधलं 'स्टेप'ही त्याच कुळातलं, त्याचा पायरीशी संबंध नाही. तेव्हा हा शब्द मुळात आईचा नव्हेच. एका खुर्चीत दाटीवाटीनं बसलेल्या त्या दोघींचा आहे.