गावात राहण्याचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

जगाची शहरी लोकसंख्या २००७ च्या सुमारास ग्रामीण लोकसंख्येच्या पुढे गेली, असं संयुक्त राष्ट्रांचे आकडे सांगतात. लोक गाव का सोडतात, यावर भरपूर बोललं गेलंय. पण आजही अब्जावधी माणसं गावातच आहेत. ती का राहिली असं विचारलं, की उत्तर येतं: मोकळी हवा आणि शांतता. शांतता असते खरी, पण तिच्यावर घर चालत नाही.

जमीन सोबत नेता येत नाही, आणि जमिनीची जाण नेली तरी उपयोग नाही. पाणी कुठल्या कोपऱ्यात तुंबतं, उन्हाळ्यात कुठली विहीर आधी आटते, ही माहिती तेवढ्या शिवारापुरतीच कामाची. माणसांचंही तसंच. अपरात्री गाडी कोण काढेल, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ दोन तास कोण बसेल, हे शेजारात ठरलेलं असतं. नव्या जागी यातलं बरंचसं विकत घ्यावं लागतं. शिवाय दुभतं जनावर असेल तर दिवसातून दोनदा धार काढायला कुणीतरी हवंच. धारा चुकल्या की कास दाटते, दूध आटत जातं. म्हणून पुष्कळ घरांत एक जण बाहेर कमावतो आणि बाकीचे थांबतात.

हिशेब चुकतो तो बहुधा एका जागी. शहरातला महिन्याचा पगार आणि गावातली महिन्याची कमाई शेजारी मांडली जाते. शेतीचा पैसा सुगीला येतो, तेव्हा वर्षाचा ताळा घ्यायला हवा. पगारातून घरभाडं, रोजचा प्रवास, मुलं सांभाळण्याचा खर्च वजा करा. गावाकडच्या बाजूला स्वतःचं घर आणि घरचं धान्य धरा, पण गाडीचं इंधन आणि वाया गेलेला हंगामही धरा. हा शेवटचा आकडा लोक सोयीस्करपणे विसरतात.

अर्थात, राहिलेला प्रत्येक जण स्वखुशीने राहिलेला नसतो. जायची इच्छा आहे पण ऐपत नाही, अशांचा वेगळा विचार व्हावा, हे स्थलांतराचे अभ्यासक यॉर्गन कार्लिंग यांनी २००२ मध्ये मांडलं.

आणि ज्यांनी राहायचं ठरवलंय, त्यांनी एक अंतर आधीच मोजून ठेवावं. किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत. मेंदूतल्या गुठळीमुळे पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. स्कॅनची सोय नसलेल्या जवळच्या दवाखान्यात गेलेला तास परत मिळत नाही. चोवीस तास स्कॅन होणारं रुग्णालय कुठलं, रात्री तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, रुग्णवाहिकेचा नंबर काय, हे दाराजवळ लिहून लावा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की आधी घड्याळ पाहा आणि ती वेळ डॉक्टरांना सांगा.