रॉड जळतो तसा हात खाली

मंडळी, नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये दिवसभर चालणारं वेल्डिंगचं काम घरच्या अंगणात शिकायचं म्हटलं, की पहिला प्रश्न मशीनचा येतो. २०० अँपिअरचा सिंगल फेज वेल्डिंग इन्व्हर्टर पुरतो. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तो पूर्ण ताकदीनं चालणार नाही, २.५ मिमी जाडीच्या रॉडपुरता (रॉड म्हणजे लेप दिलेली, वितळून जोड भरणारी तार) चालेल. शिकायला तोच रॉड घ्यायचा: ६०१३ जातीचा, ७० ते ८५ अँपिअरवर. एक्स्टेंशनची वायर बारीक आणि लांब असली की व्होल्टेज पडतं, रॉड चिकटायला लागतो आणि शिकणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. किमान २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर घ्या, गुंडाळी पूर्ण उलगडा.

सरावाला भंगारातून ५-६ मिमी जाडीची एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, पट्टी आणा. बरेच जण थेट गेटचा पातळ चौकोनी पाइप घेतात. त्याला भोकं पडतात आणि हिंमत जाते. पट्टी ग्राइंडरनं चकचकीत घासा. अर्थचा क्लॅम्प, म्हणजे मशीनची दुसरी वायर पट्टीला जोडणारा चिमटा, तोही गंजावर नको.

आता मुख्य गोष्ट. रॉडचं टोक आणि वितळलेला धातू यांतलं अंतर रॉडच्या तारेच्या जाडीएवढं, म्हणजे अडीच मिमीच्या आसपास हवं. ३५० मिमीचा रॉड साधारण मिनिटभरात जळून बोटभर उरतो. तेवढ्या वेळात हात जवळजवळ एक फूट खाली यायला हवा, आणि पुढेही सरकायला हवा. नवशिक्याचा हात पुढे सरकतो, खाली येत नाही. अंतर वाढलं की कानाला आधी कळतं: कढईत भजी तळल्यासारखी सलग चरचर तुटते, फसफस सुरू होते, शिंतोडे उडतात, बीड, म्हणजे थिजलेल्या धातूची रेघ, चपटी आणि रुंद होते. म्हणून पहिले पाच-दहा रॉड कव्हरचं, म्हणजे रॉडवरच्या लेपाचं, टोक पट्टीला अलगद टेकवून ओढा. ६०१३ मध्ये तार कव्हरच्या जरा आत जळते, त्यामुळे अंतर आपोआप राखलं जातं. कोपर टेबलावर टेकलेलं असू द्या.

रॉडचं वरचं टोक जाण्याच्या दिशेला १०-१५ अंश झुकवा. नजर लखलखाटावर नको, वितळलेल्या धातूच्या मागच्या कडेवर ठेवा. स्लॅग, म्हणजे लेप वितळून होणारा मळ, तिथे मागे राहायला हवा. तो पुढे घुसला तर बीडखाली अडकतो.

तोंडावरच्या मुखवट्याची काच १० नंबर शेडची, म्हणजे तेवढ्या गडदपणाची. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, कोरडे चामडी हातमोजे. उघड्या डोळ्यांनी आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाचा लखलखाट, पाहिला तर त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. निफाड-दिंडोरीकडच्या मंडळींना एक विशेष विनंती: द्राक्षमांडवाचे जस्त चढवलेले अँगल सरावाला घेऊ नका. जस्ताच्या धुरानं थंडी-ताप भरतो. पावसाळ्यात उघडं राहिलेलं रॉडचं पाकीट सादळतं; ते रॉड १०० ते ११० अंशांवर तासभर सुकवा, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नाही.

बीड सरळ यायला लागली की दोन पट्ट्या टीच्या आकारात उभ्या करा, दोन्ही टोकांना टाके, म्हणजे छोटे वेल्ड, मारा आणि एकाच बाजूनं वेल्ड करा. थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून, वेल्ड नसलेल्या बाजूनं हातोडा मारत पट्टी वेल्डवर दुमडा, तुटेपर्यंत. कोपऱ्यात पट्टीची मूळ धार तशीच कोरी दिसली, तर अँपिअर कमी होते किंवा अंतर जास्त होतं. काळी रेघ दिसली, तर स्लॅग पुढे गेला होता. पाच अँपिअर बदला, नवी पट्टी लावा आणि पुन्हा तोडा.