कुंपणावरून आत

दक्षिण कोरिया म्हटलं की आपल्याला रांजणगावचा एलजीचा कारखाना आठवतो, घरातल्या मुलांना तिथल्या मालिका आठवतात. मला आज तुमच्याशी बोलायचंय ते तिथल्या एका रात्रीबद्दल.

३ डिसेंबर २०२४. रात्री साडेदहाच्या सुमाराला राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल अचानक टीव्हीवर आले आणि त्यांनी लष्करी कायदा, म्हणजे मार्शल लॉ, लागू केला. संसदेत विरोधकांचं बहुमत, अर्थसंकल्पाला लागलेली कात्री, अधिकाऱ्यांवर एकामागून एक महाभियोग, याचा राग होताच. पाठोपाठ फर्मान निघालं: राजकीय हालचाली बंद, सभा-मोर्चे बंद, वर्तमानपत्रं लष्कराच्या ताब्यात.

आता इथे नीट लक्ष द्या. कोरियाच्या राज्यघटनेचं ७७वं कलम सांगतं की संसदेच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मागणी केली, तर राष्ट्राध्यक्षांना लष्करी कायदा उठवावाच लागतो. सदस्य ३००, म्हणजे १५१ मतं हवीत. पण असं कलम हुकूमशाहीच्या काळातल्या जुन्या घटनेतही होतं! १७ मे १९८०च्या रात्री जनरल चुन दू-ह्वान यांनी लष्करी कायदा देशभर लावला. २० तारखेला संसदेचं अधिवेशन ठरलेलं होतं. सैनिकांनी इमारतीची नाकेबंदी केली, खासदारांना आत पाऊल टाकता आलं नाही. कलम कागदावरच राहिलं. त्याच दिवसांत ग्वांगजू शहरात सैन्याने स्वतःच्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा धरला तरी दीडशेहून जास्त माणसं गेली.

म्हणून २०२४च्या त्या रात्री काय करायचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. आत पोचायचं. पोलिसांनी फाटकं अडवली होती. सभापती वू वॉन-शिक, वय ६७, कुंपणावरून चढून आत गेले. विरोधी पक्षनेते ली जे-म्युंगही तसेच गेले, मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करत. थंडीत हजारो माणसं संसदेबाहेर जमली. आत कर्मचाऱ्यांनी दारांना सोफे, टेबलं लावली, आग विझवायच्या नळकांड्यांचे फवारे सैनिकांवर मारले. सैनिक खिडक्या फोडून आत शिरलेले, आणि सभागृहात सदस्य ओरडताहेत, लवकर मतदान घ्या! सभापती मात्र ठराव रीतसर दाखल होईपर्यंत थांबून राहिले. ठरावात एक चूक राहिली असती, तर उद्या तो रद्द ठरला असता. मला त्या रात्रीतलं सर्वात मोठं धैर्य या थांबण्यात दिसतं.

एकच्या सुमाराला ठराव मंजूर झाला. हजर १९०, बाजूने १९०. त्यात राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे १८ जण होते. पहाटे साडेचारच्या सुमाराला यून यांनी माघार घेतली. पुढे महाभियोग झाला, ४ एप्रिल २०२५ला घटना न्यायालयाने एकमताने त्यांना पदावरून दूर केलं, जूनमध्ये ली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. हे तुम्ही वाचलेलं असेल.

त्या निकालपत्रातली एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. संसदेला इतक्या लवकर ठराव करता आला तो नागरिकांच्या प्रतिकारामुळे, आणि सैनिक-पोलिसांनी हुकूम जोराने न राबवल्यामुळे, असं न्यायालयाने नोंदवलंय. परत जाताना एक तरुण सैनिक बाहेरच्या लोकांपुढे पुन्हा पुन्हा वाकून माफी मागतो, त्याचं चित्रण आहे. चेहरा झाकलेला, हातात शस्त्र, आणि कमरेतून वाकलेला.