बिघडलं, पण केव्हा?

नमस्कार मंडळी. आत्ता जाहीर झालं की मी 'घरच्या कॉम्प्युटरसाठी पाच उपाय' सांगणार आहे. उपाय कागदावर लिहिलेत, कागद खिशात आहे, आणि तो मी शेवटीच काढणार आहे. उपाय काय, नेटवर पोत्याने मिळतात. त्याआधी माझं एक आवडतं तुणतुणं आहे. ते वाजवायला इतकं समजूतदार सभागृह पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

ब्रिटनमध्ये कॉम्प्युटर सपोर्टचं काम करणाऱ्याचा दिवस कसा जातो, ते इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. ते तेच काम करतात. उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्याशी लग्न केलंय. सकाळी तिकिटांची, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींची, रांग उघडायची. पी-वन म्हणजे सगळं ऑफिस बसलंय, पी-फोर म्हणजे कोणाला तरी दुसरा माउस हवाय. लिहिणाऱ्याच्या मते मात्र प्रत्येक तिकीट पी-वनच असतं. ही सगळी शिस्त जगभर पसरली ती इथल्याच एका सरकारी खात्यातून. १९८०च्या दशकात सीसीटीए नावाच्या संस्थेने आयटिलची, म्हणजे आयटी सेवा कशी चालवावी हे सांगणारी, पुस्तकं काढली. आज हिंजवडीत दुपारच्या शिफ्टला बसून ब्रिटिश ग्राहकांची गाऱ्हाणी ऐकणारी आपली मुलं त्याच पद्धतीचे फॉर्म भरतात.

माझी तक्रार त्या फॉर्मवर आहे. फॉर्मवर वेळ असते, पण ती तिकीट नोंदवल्याची. बिघाड झाल्याची नसते. काय बिघडलं ते लोक लिहितात, कोणामुळे बिघडलं ते तर हमखास लिहितात, पण केव्हा बिघडलं ते कोणी लिहीत नाही. रात्री दहाला गेलेल्या वाय-फायचं तिकीट दुसऱ्या दिवशी नऊ-सतराला येतं, आणि आम्ही बिचारे नऊ-सतराचे लॉग, म्हणजे यंत्राने केलेल्या नोंदी, उपसत बसतो. डॉक्टर ताप किती आहे ते स्वतः मोजतो, पण तो दिवसाआड चढतो की रोज संध्याकाळी, हे रोग्यानेच सांगावं लागतं. तेच इथं. 'काय' ते इंजिनियर मशीनवर बसून बघून घेईल. 'केव्हा' ते तुम्हालाच ठाऊक असतं.

आता ॲबरहोसनची गोष्ट. काहींनी ऐकली असेल, त्यांनी पुन्हा ऐकावी. वेल्समध्ये पॉविस परगण्यातलं हे छोटंसं गाव. तिथलं ब्रॉडबँड रोज सकाळी सातला कोलमडायचं. एका घरातलं नव्हे, गावातलं, आणि थोडीथोडकी नाही, दीड वर्षं. टेलिफोनच्या तारा सांभाळणाऱ्या ओपनरीचचे इंजिनियर खेपा घालून दमले. लाइन तपासली, ठीक निघाली. केबलचा मोठा भाग बदलला, तरी सात वाजले की पुन्हा तेच. शेवटी बाहेरून खास पथक बोलावलं. ती मंडळी पहाटे सहाला, धो धो पावसात, हातात स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन गावभर फिरली. सातच्या ठोक्याला यंत्रावर विद्युत गोंगाटाचा मोठा झोत दिसला. माग काढत गेले तर एका घरात जुना, सेकंडहँड टीव्ही. घरमालक रोज सातला तो लावायचे. त्यांना सांगितल्यावर ते ओशाळले आणि टीव्ही कायमचा बंद केला. २०२०च्या सप्टेंबरमध्ये ही बातमी जगभर छापून आली.

लोक हसतात आणि गोष्ट तिथेच सोडतात. खरी गंमत पुढे आहे. टीव्हीने ब्रॉडबँड पडतंच कसं? तांब्याच्या लाइनवरचं ब्रॉडबँड, म्हणजे एडीएसएल२ प्लस, साधारण २.२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी वापरतं. रेडिओचा मीडियम वेव्ह पट्टा त्याच्या आतच येतो. वीजपुरवठ्याचा भाग बिघडलेलं उपकरण सुरू झालं की या पट्ट्यात सैरावैरा झटके सोडतं, आणि खांबावरून गेलेली टेलिफोनची तार ते एरियलसारखे पकडते. मोडेमचा सिंक, म्हणजे एक्स्चेंजशी जुळलेला दुवा, तुटतो आणि तो परत जुळायला काही मिनिटं जातात. एवढ्यावर भागलं तर बरं. लाइन वारंवार तुटली की एक्स्चेंजची स्वयंचलित यंत्रणा 'ही लाइन कच्ची आहे' असं ठरवते आणि सुरक्षेसाठी नॉइज मार्जिन, म्हणजे गोंगाट सोसायला राखलेली जागा, वाढवते, ६ डेसिबलवरून ९, मग १२, मग १५. मार्जिन वाढलं की वेग उतरतो. म्हणजे खोडी सकाळी सातची आणि शिक्षा दिवसभराची. मग तक्रार येते ती 'नेट स्लो आहे' अशी, आणि सातचा कुठे उल्लेखच नसतो.

हे शोधायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. इथले जुने इंजिनियर साधा ट्रान्झिस्टर वापरतात. मीडियम वेव्हवर ६१२ किलोहर्ट्झच्या आसपास, कुठलंही स्टेशन नसलेल्या जागी काटा लावायचा आणि घरभर फिरायचं. दोषी वस्तूजवळ खरखर वाढते. बहुतेक वेळा चोर निघतो एखादा स्वस्त चार्जर, दिव्यांच्या माळेचा अडॅप्टर किंवा मंद-तेज करायचा डिमर. (आकाशवाणी मुंबई 'ब' ५५८वर लागायची. म्हणजे तुमच्या-माझ्या घरातला तो जुना संच या कामाला अगदी योग्य काट्यावर अडकलेला असणार. टाकू नका.) आता तुमच्याकडे थेट घरापर्यंत फायबर आलं असेल तर ही पीडा संपली. काचेला रेडिओ ऐकू येत नाही.

ऑफिसातही तेच. समजा, एखाद्या दवाखान्याचं पाहुण्यांसाठीचं वाय-फाय आहे. तक्रार येते, 'कधी चालतं, कधी नाही.' वेळा लिहून काढल्या की दिसतं, सोमवारी सगळ्यांना मिळतं, गुरुवारी दुपारपासून नव्या माणसाला मिळत नाही, जुन्यांना मिळतं. इथेच उत्तर आलं. नेटवर येणाऱ्या प्रत्येक फोनला एक पत्ता, म्हणजे आयपी क्रमांक, लागतो; लहान नेटवर्कवर वाटायला असे जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात, आणि विंडोज सर्व्हर एकदा दिलेला पत्ता, मुद्दाम बदललं नाही तर, ८ दिवस राखून ठेवतो. आलेला माणूस वीस मिनिटांत औषध घेऊन गेला, त्याच्या फोनचा पत्ता मात्र आठवडाभर अडकला. कोठार रिकामं झालं की नव्या फोनवर १६९.२५४ने सुरू होणारा आकडा दिसतो, म्हणजे पत्ता मिळालाच नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कची मुदत दोन-चार तासांवर आणली की प्रश्न मिटतो. राउटर बदलूनही मिटल्यासारखा वाटतो, पुढच्या गुरुवारपर्यंत.

घड्याळ बदलण्याच्या दोन रविवारांचंही असंच. मार्चमध्ये इथे रात्री एक ते दोन हा तास अस्तित्वातच नसतो, ऑक्टोबरमध्ये तो दोनदा येतो. दीडला लावलेला बॅकअप मार्चमध्ये गाळला जाऊ शकतो आणि ऑक्टोबरमध्ये दोनदा धावू शकतो. सोमवारी आम्ही डोकं खाजवतो, आणि शिवाय पुण्याला साडेचार तासांचा फरक धरायचा की साडेपाच, यावर घरात वाद.

आणि १९ जुलै २०२४चा शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने एक सदोष फाइल पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. इथे स्काय न्यूजचं प्रक्षेपण थांबलं, जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी उघडेनात. पण एकाच ऑफिसात, एकाच मॉडेलच्या दहा मशीनपैकी सहा मेली आणि चार धडधाकट, असं का? फाइल सुटली ब्रिटिश वेळेप्रमाणे पहाटे ५ वाजून ९ मिनिटांनी आणि मागे घेतली ६ वाजून २७ मिनिटांनी. या ७८ मिनिटांत जे मशीन चालू आणि नेटवर होतं ते सापडलं. रात्री बंद करून गेलेल्या शिस्तीच्या माणसाचं मशीन वाचलं. (ज्या सर्व्हरना बंद करायची सोय नाही, त्यांनी काय करावं, हे विचारू नका.)

दुरुस्ती सांगायला सोपी होती. सेफ मोडमध्ये जायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकच्या उपफोल्डरमध्ये नावात २९१ असलेली फाइल शोधायची, ती पुसायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. पण डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कुलपाने, कुलूपबंद असेल तर आधी किल्ली मागते. ती किल्ली ४८ आकडी असते, सहा-सहाचे आठ गट. ती फोनवर सांगायची, एकेक गट. पलीकडे घरून काम करणारा माणूस, मागे मूल रडतंय, आणि पाचव्या गटाला तो म्हणतो, 'सॉरी, पुन्हा पहिल्यापासून.' प्रत्येक गटाला ११ने भाग जातो, त्यामुळे चुकीचा गट तिथल्या तिथे नाकारला जातो. ही सोय करणाऱ्याचे आभार. काही ठिकाणी मात्र या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तोच निळा पडला होता.

बरं, चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. कागद काढतो.

पहिला उपाय तुम्ही ऐकलाच, वेळ लिहा. आठवत नसेल तर विंडोजच्या स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडते, तारीखवार तक्ता येतो, पडझड झाली त्या दिवशी लाल फुली. फुलीच्या आदल्या दिवशी कुठलं अपडेट आलं, ते तिथेच खाली दिसतं. एवढा फोटो जरी तिकिटाला जोडलात, तरी तुमचं काम रांगेत पुढे सरकेल. आमचीही माणसंच आहेत.

दुसरा, रीस्टार्ट. 'बंद करून चालू केलं' म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आलं. 'शट डाउन' म्हटलं की ते आतला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं, आजारासकट. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे 'अप टाइम' बघा. रोज बंद करणाऱ्यांकडेही तीस-चाळीस दिवस दिसतात. 'रीस्टार्ट'च निवडा, किंवा शिफ्ट दाबून शट डाउन करा.

तिसरा, घड्याळ. जुन्या डेस्कटॉपवर अचानक सगळ्या साइट 'असुरक्षित' म्हणू लागल्या तर आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की, प्लग काढून ठेवलेलं मशीन जुन्याच वर्षात जागं होतं आणि साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला अवैध वाटतात. ऑफिसच्या नेटवर्कवर तर पाच मिनिटांहून अधिक फरकानेही लॉगिन नाकारलं जाऊ शकतं. ३ व्होल्टचा सेल आहे, २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, अधिकची बाजू वर. बदलण्याआधी बिटलॉकर स्थगित करा, नाहीतर ते ४८ आकडे तुमच्या नशिबी.

चौथा पटकन. पासवर्ड बदलल्यावर खातं पुन्हा पुन्हा लॉक होतंय, आणि तेही ठरावीक अंतराने, तर कुणी हॅकर नाही. ड्रॉवरमधला जुना फोन किंवा टॅबलेट जुन्या पासवर्डने मेल मागतोय. ऑफिसात डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरवर, ४७४० क्रमांकाची नोंद बघायला सांगा, त्यात विनंती कुठल्या मशीनवरून आली ते नाव मिळतं.

पाचवा, आणि हा घरी ज्येष्ठ मंडळी असलेल्यांनी लिहून घ्या. इथली तांब्याची टेलिफोन सेवा ३१ जानेवारी २०२७ला बंद होतेय. फोनची तार भिंतीतून निघून राउटरमध्ये जाणार. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, त्यामुळे घरातली वीज गेली तरी तो चालायचा. नवा चालणार नाही. जे फक्त लँडलाइनवरच अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावर किमान तासभर ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावता येईल अशी सोय कंपनीने द्यावी, अशी ऑफकॉम या इथल्या दूरसंचार नियामकाची अपेक्षा आहे. पण ती मागावी लागते. गळ्यातलं मदतीचं बटण असेल तर ते पुरवणाऱ्यांना आधी फोन करा, नव्या लाइनवर ते चालतं का विचारा, आणि बदल झाल्यावर त्याच दिवशी दाबून बघा.

वेळ संपली. प्रश्न विचारा. प्रिंटरबद्दलचे प्रश्न चहाच्या वेळी, एकेकट्याने.